पहिला डीएसएलआर घेताना आधी लेन्सचा हिशेब, मग बॉडीचा

दुकानाची पायरी चढली की पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती?’ त्याचं उत्तर देण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारून जा: फोटो नक्की कशाचे काढायचेत? कोल्हापुरात याची उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. शाहू स्टेडियमवरचा पेठांचा फुटबॉल, तालमीतला सराव, जोतिबाची चैत्र यात्रा, रंकाळ्याचे नि कळंब्याचे पक्षी, पन्हाळ्यावरचं धुकं, घरचं बारसं, आणि ‘भावा, लग्नाला येताना कॅमेरा घेऊन ये की’ म्हणणारे मित्र. यातल्या प्रत्येकाला वेगळी लेन्स लागते. बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, मात्र गेल्या दहा वर्षांतली जवळपास कुठलीही चालते. म्हणून नवख्या माणसानं बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त पैसे घालावेत, असं माझं ठाम मत आहे. दुकानात तुम्हाला बहुधा उलटं ऐकायला मिळेल, कारण मेगापिक्सेलचा आकडा सांगायला सोपा असतो.

आधी हे ठरवा: डीएसएलआर घ्यायचाच आहे का

कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. त्यांचा सगळा जोर आता मिररलेसवर आहे. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो. तो प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे पाठवतो, आणि बटण दाबलं की आरसा उचलला जाऊन प्रकाश सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर पडतो. मिररलेसमध्ये आरसाच नसतो, सेन्सरवर पडलेलं चित्र थेट स्क्रीनवर दिसतं. व्हिडिओ आणि डोळा ओळखून धरलेला फोकस, या दोन बाबतींत मिररलेस उघड उघड पुढे आहे. तुमचं मुख्य काम रील आणि यूट्यूबचं असेल तर डीएसएलआरच्या नादी लागू नका. चांगला फोन असेल तर तो वापरा, नाहीतर पैसे साठवून छोटा मिररलेस घ्या.

फोटोच शिकायचे असतील आणि खिसा बेताचा असेल, तर मात्र हीच वेळ चांगली. लग्नाची कामं करणारे फोटोग्राफर मिररलेसकडे वळलेत आणि त्यांच्या जुन्या बॉडी-लेन्स विक्रीला येतात. बॅटरीच्या बाबतीत डीएसएलआर अजूनही दमदार आहे. निकॉन डी३५०० एका चार्जवर सुमारे १५५० फोटो देतो, असं कंपनीचं मोजमाप सांगतं. जोतिबाच्या डोंगरावर दिवसभर फिरणाऱ्याला याची किंमत कळेल. घेतलेल्या लेन्सही पुढे वाया जात नाहीत. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून आर मालिकेच्या मिररलेसवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्स एफटीझेड अडॅप्टरनं झेड मालिकेवर चालतात.

विषयावरून लेन्स ठरवा

कॅमेऱ्याबरोबर बहुतेक वेळा १८-५५ मिमीची किट लेन्स मिळते (मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). तिला नावं ठेवायची फॅशन आहे, ती मला पटत नाही. पन्हाळ्याची तटबंदी, मसाई पठारावरची फुलं, पंचगंगा घाटावरची सकाळ, यासाठी ती पुरेशी आहे. ट्रायपॉड लावून एफ/८ वर (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं) काढलेल्या फोटोत किट लेन्स आणि महागडी लेन्स यांतला फरक घरच्यांना दाखवूनही दिसणार नाही. घेताना फक्त लेन्सवर काय लिहिलंय ते वाचा. कॅननवर ‘आयएस’ आणि निकॉनवर ‘व्हीआर’ ही अक्षरं हवीत, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय लेन्समध्ये आहे. ही अक्षरं नसलेल्या १८-५५ सुद्धा बाजारात आहेत आणि त्या दिसायला अगदी तशाच असतात.

किट लेन्स हात टेकते ती अंधारात. तालमीत लाल माती, वर एखाद-दुसरा दिवा, खिडकी लहान. ५५ मिमीवर किट लेन्सचं तोंड जास्तीत जास्त एफ/५.६ इतकंच उघडतं. समजा त्या उजेडात, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय तो आकडा) १६०० वर, शटर, म्हणजे प्रकाश आत घ्यायचा वेळ, १/३० सेकंदावर आलं. एवढ्या वेळात जोडीतला वरचा पैलवान खाली गेलेला असतो आणि फोटोत नुसता तपकिरी फराटा उरतो. तिथेच ५० मिमी एफ/१.८ लेन्स लावली तर सुमारे दहापट प्रकाश आत येतो. शटर १/३०० च्या आसपास जातं आणि डाव पकडता येतो. बॉडी तीच, आयएसओ तोच. हा फरक कुठल्याही नव्या बॉडीनं एवढ्या पैशात मिळत नाही, म्हणून दुसरी खरेदी म्हणून मी हीच लेन्स सुचवतो. बारसं, साखरपुडा, गणपतीसमोरची आरती, सगळीकडे ती कामाला येते.

तिच्यात एक अडचण आहे. स्वस्त डीएसएलआरचे सेन्सर एपीएस-सी आकाराचे, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतात. कॅननवर लेन्सचा आकडा १.६ नं आणि निकॉनवर १.५ नं गुणला की नजरेचा खरा आवाका कळतो. म्हणजे ५० मिमी ही कॅननवर ८० मिमीसारखी वागते. चेहऱ्यासाठी उत्तम, पण पेठेतल्या जुन्या घराच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला लागते आणि तरी आत्या चौकटीबाहेरच राहते. घरातलेच फोटो जास्त काढणार असाल तर निकॉनवाल्यांनी ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स बघावी. कॅननवाल्यांसाठी २४ मिमी एफ/२.८ एसटीएम आहे. ती थोडी कमी उजेड घेते, पण आकारानं चपटी आणि वजनाला हलकी.

फुटबॉल आणि पक्ष्यांसाठी लांब झूम लागते. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० एएफ-पी व्हीआर या दोन्ही हौशी माणसाच्या आवाक्यातल्या आहेत. शाहू स्टेडियमवर दुपारच्या उन्हात एफ/५.६ सुद्धा पुरतं, शटर १/८०० च्या वर ठेवलं की झालं. ऊन उतरल्यावर मात्र आयएसओ चढवावा लागतो आणि फोटोत दाणे दिसायला लागतात, ते गृहीत धरा. कळंब्यावरचे बगळे, पाणकावळे २५० मिमीत बऱ्यापैकी येतात. चिमुकले पक्षी येत नाहीत. दाजीपूरला गवा दिसलाच तर पहाटेच्या झाडीत दिसतो, तिथे लेन्सपेक्षा नशीब जास्त लागतं.

आता बॉडी

मेगापिक्सेल विसरा. १८ असोत की २४, दोन्हीची भिंतीवर लावण्याएवढी मोठी प्रिंट निघते. बघायच्या त्या बारीकसारीक गोष्टी, ज्या जाहिरातीत नसतात.

कॅनन ३००० डी सगळ्यात स्वस्त दिसतो, पण मी तो सुचवत नाही. लेन्स बसते ती कडी प्लास्टिकची, मागचा स्क्रीन लहान आणि फिकट, आणि व्ह्यूफाइंडरला चष्म्याचा नंबर जुळवायची चकतीच नाही. चष्मा काढून बघायची सवय असेल तर हा कॅमेरा रोज त्रास देईल. त्याच्या वरचा १५०० डी २४.१ मेगापिक्सेलचा, साधा, मजबूत. फोकसचे ९ बिंदू, स्पर्शाचा स्क्रीन नाही, माइकची जागा नाही. फोटो शिकायला एवढं पुरे. व्हिडिओही थोडा करायचा असेल तर २०० डी किंवा २०१९ चा २०० डी मार्क टू बघा. त्यांचा स्क्रीन वळतो, स्पर्शावर चालतो, बाहेरचा माइक जोडता येतो आणि लाइव्ह व्ह्यूमधला, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून घेतलेला, फोकस झपाट्यानं बसतो.

लग्नाच्या कामाचा विचार असेल तर कॅननच्या बाबतीत एक गोष्ट डोळ्यांनी तपासा. १५०० डी, ३००० डी आणि २०० डी मार्क टू यांच्या वरच्या हॉटशूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधली पिन नाही. त्यामुळे इतर कंपन्यांचे बरेचसे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर उडतच नाहीत. कॅननचे स्वतःचे फ्लॅश चालतात, पण ते महाग. काही कंपन्यांनी नंतर यावर तोड काढलेले फ्लॅश आणले, तरी मित्राचा जुना फ्लॅश मागून आणायचा बेत असेल तर आधी त्याच कॅमेऱ्यावर लावून बघा. जुन्या ७०० डी किंवा ८० डीमध्ये ही भानगड नाही.

निकॉनमध्ये डी३५०० हा नवशिक्यासाठी माझ्या मते सगळ्यात समजूतदार कॅमेरा होता. हलका, पकड खोल, आणि ‘गाइड’ नावाचा मोड, जो पार्श्वभूमी धूसर कशी करायची, पळता विषय गोठवायचा कसा, हे स्क्रीनवर टप्प्याटप्प्यानं सांगतो. कंपनीनं तो आणि डी५६०० दोन्ही बंद केलेत, त्यामुळे सेकंडहँडच शोधावा लागेल. डी३५०० ला माइकची जागा नाही, वाय-फायही नाही, फोटो ब्लूटूथवरून सावकाश फोनमध्ये जातात. डी५३०० किंवा डी५६०० घेतलात तर फोकसचे ३९ बिंदू मिळतात, स्क्रीन वळतो आणि माइक जोडता येतो. फुटबॉलसाठी या दोघांतला कुठलाही डी३५०० पेक्षा बरा.

निकॉनमधला मोठा खड्डा लेन्सच्या नावात आहे. डी३००० आणि डी५००० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. म्हणून नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ हवं. नुसतं ‘एएफ’ लिहिलेली ५० मिमी एफ/१.८ डी सेकंडहँड बाजारात फार स्वस्त मिळते, पण या बॉडींवर फोकस हातानं फिरवावा लागतो. उलट बाजूनं, एएफ-पी लेन्स डी९०, डी३१००, डी५१००, डी७००० अशा जुन्या बॉडींवर फोकसच करत नाही, हातानंही नाही. बॉडी एकाकडून आणि लेन्स दुसऱ्याकडून घेताना इथे लोक हमखास फसतात.

कॅनन की निकॉन, यावर पेठेच्या कट्ट्यावर तासभर भांडता येतं. नवख्यासाठी उत्तर सोपं आहे: तुमच्या जवळच्या मित्राकडे जो असेल तो. त्याची लेन्स एखाद्या रविवारी मागून आणता येते, आणि अडलात तर कुठलं बटण दाबायचं ते त्याला माहीत असतं.

हातात धरून बघा

खरेदीच्या आधी एक दिवस कॅमेरा भाड्यानं घ्या किंवा ओळखीच्याचा वापरा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून दहा-पंधरा मिनिटं उभे राहा. करंगळी पकडीखाली लटकते का, अंगठा आयएसओच्या बटणापर्यंत न बघता पोचतो का, वजनानं मनगट दुखतं का, हे यूट्यूबवर कळत नाही. यासाठी महाद्वार रोडवर संध्याकाळी एक फेरी मारा. गर्दी, दुकानांचे दिवे आणि अंधार हे तिन्ही एकाच रस्त्यावर मिळतात.

सेकंडहँड घेताना

नवीन घेणार असाल तर भारतातली वॉरंटी आणि पक्कं बिल, एवढं बघितलं की पुरे. त्याहून फार स्वस्त भाव कुणी सांगत असेल तर तो बाहेरून आणलेला माल असतो, बिघडला तर कंपनीचं इथलं सर्व्हिस सेंटर वॉरंटी मानेलच असं नाही.

सेकंडहँडला मात्र वेळ द्या. विकणाऱ्याला दिवसाउजेडी, मोकळ्या जागी बोलवा, रंकाळ्याची चौपाटी चांगली. बरोबर स्वतःचं मेमरी कार्ड आणि छोटी टॉर्च न्या. पहिल्यांदा बिलावरचा आणि बॉडीच्या बुडावरचा सिरियल नंबर जुळवा. जुळत नसेल किंवा बिल ‘घरी राहिलं’ असेल तर पुढचं काही बघू नका, चहा पिऊन परत या.

मग एफ/१६ वर ठेवून निरभ्र आकाशाचा एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण तो खर्च भावातून वळता करून घ्या. लेन्सला टोपण लावून काही सेकंदांचा फोटो काढा, त्यात रंगीत चमकते बिंदू भरपूर असतील तर सोडून द्या. नंतर लेन्स काढून तिच्यातून टॉर्चचा उजेड आरपार टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले की ते फंगस. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ते सर्रास सापडतं. कडेला किंचित असलं तरी मी घेत नाही, ते वाढतं.

दुसरी तपासणी खास आपल्या भागातली. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शहरातल्या कितीतरी घरांत, दुकानांत पाणी शिरलं होतं. भिजलेला कॅमेरा वाळवल्यावर काही महिने चालतो सुद्धा. म्हणून बॅटरीचा कप्पा उघडा, तांब्या-पितळेच्या पट्ट्यांवर हिरवट थर आहे का बघा. बुडाचे स्क्रू, पट्टा अडकवायच्या कड्या, लेन्सच्या कडीमागचे टोकदार संपर्कबिंदू, कुठेही गंज दिसता कामा नये. पकडीचं रबर फुगलेलं किंवा सैल नको. आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी याच शहरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवायला घेतला होता. आपल्याला निदान गंजलेला स्क्रू ओळखता यायला हरकत नाही.

शटर किती वेळा उडालंय तेही विचारा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या माहितीतच नोंदलेला असतो, काढलेला फोटो एखाद्या एक्झिफ वाचणाऱ्या साइटवर टाकला की दिसतो. कॅननच्या बहुतेक स्वस्त मॉडेलमध्ये तो फोटोत येत नाही, त्यासाठी कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी३५०० च्या वर्गातल्या बॉडीचं शटर साधारण एक लाख क्लिकचं धरतात. वीस-तीस हजारांवर असेल तर निवांत घ्या. लग्नाच्या सीझनमध्ये राबलेली, ऐंशी हजार ओलांडलेली बॉडी बाहेरून कितीही चकचकीत असली तरी भाव पाडूनच घ्या.

शेवटी फोकस. एक वर्तमानपत्र तिरकं धरा, मधल्या ओळीवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून एक फोटो काढा, मग लाइव्ह व्ह्यूमधून त्याच ओळीवर दुसरा. पहिल्यात पुढची किंवा मागची ओळ स्पष्ट आणि मधली धूसर येत असेल तर फोकस सरकलेला आहे. ८० डी, डी७२०० यांच्यात तो मेनूतून जुळवता येतो. स्वस्त बॉडींत ती सोय नाही, त्या सर्व्हिस सेंटरलाच द्याव्या लागतात.

पैशांची वाटणी

समजा हातात तीस हजार आहेत. अठरा-वीसच्या वर बॉडी आणि किट लेन्सला जाऊ देऊ नका. पाच-सहा हजार ५० मिमीच्या सेकंडहँड लेन्ससाठी बाजूला ठेवा. उरलेल्यात ओळखीच्या दुकानातून बिलासह घेतलेलं ३२ किंवा ६४ जीबीचं कार्ड, एक जादा बॅटरी, हवा मारायचा रबरी ब्लोअर आणि लेन्स पुसायचं कापड. कार्ड फुटपाथवरून घेऊ नका. बनावट कार्ड ६४ जीबी सांगतं आणि अर्ध्यावर फोटो गिळायला लागतं. ट्रायपॉड पहिल्या दिवशी नको, पन्हाळ्याला पहाटे जायची सवय लागली की मग घ्या. लांब झूम सहा महिन्यांनी. तोवर तुम्हाला फुटबॉलचं वेड आहे की नुसता उत्साह होता, ते कळलेलं असेल.

पाऊस आणि गुलाल

जून ते सप्टेंबर कॅमेरा त्याच्या बॅगेत, कपाटात ठेवू नका. बॅगेचं अस्तर ओल धरून ठेवतं. झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहायला हवा. निळ्या सिलिका जेलचा रंग गुलाबी झाला की ती तापवून पुन्हा वापरता येते. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा. वापरात असलेल्या लेन्सला फंगस सहसा धरत नाही.

जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्या नाचायला लागल्या की हवाच गुलाबी होते. तिथे लेन्स बदलायची नाही, घरून निघताना लावली तीच दिवसभर. झूम फिरवली की नळी आत-बाहेर होते आणि गुलाल आत ओढला जातो, त्यामुळे ५० मिमीसारखी झूम नसलेली लेन्स उत्तम. बॉडीवर प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या कडेला रबर बँड, पुढे साधा यूव्ही फिल्टर. परत आल्यावर गुलाल ओल्या फडक्यानं पुसू नका, आधी ब्लोअरनं उडवा, मग मऊ ब्रशनं झाडा.

घरी आणल्यावर

पहिले चार-आठ दिवस कॅमेरा भरपूर चालवा. परत देण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत ठरलेली असेल तर दोष तिच्या आतच सापडायला हवेत. कार्ड पूर्ण भरेपर्यंत फोटो काढा, बॅटरी संपेपर्यंत वापरा, फ्लॅश वर उचलून उडवा, प्रत्येक बटण आणि चकती फिरवा. मोड ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर (एफचा आकडा तुम्ही ठरवायचा, शटर कॅमेरा ठरवतो) ठेवा, आयएसओ ऑटो करून त्याची कमाल मर्यादा ३२०० ला बांधा, आणि फोटो रॉ (सेन्सरची कच्ची, नंतर सुधारता येणारी फाइल) अधिक जेपेगमध्ये साठवा. ऑटोचा हिरवा चौकोन महिनाभर हाताशी असला तरी चालेल, फक्त फोटो काढल्यावर कॅमेऱ्यानं काय आकडे निवडले ते बघत चला. बिल, वॉरंटी कार्ड आणि सिरियल नंबरचा फोटो फोनमध्ये आणि मेलवर, अशा दोन ठिकाणी ठेवा. पुढे कॅमेरा विकताना आणि चोरी झाल्यास पोलिसांत तक्रार देताना तोच मागतात.